बर्फाचा इशारा कोणी ऐकावयाचा?

परीक्षा आटोपत आल्या की आपल्या शहरांतून हिमालयाकडे जाणाऱ्या गाड्यांची आरक्षणे भरू लागतात. मैदानात ऊन तापू लागले म्हणजे पर्वतावरील हिवाळा संपला आणि त्याबरोबर तेथील भयही ओसरले, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. हिवाळ्यातील पर्वत उघडपणे उग्र दिसतो. वसंतातील पर्वत प्रसन्न दिसतो आणि म्हणूनच तो अधिक फसवा असतो.

हिवाळाभर पडलेला बर्फ थरावर थर रचून उतारावर विसावतो. हे थर एकमेकांना सारखेच घट्ट चिकटलेले नसतात. वसंतातील उन्हाने वरचा थर वितळतो, ते पाणी आत झिरपते, कच्च्या थराची पकड सुटते आणि साऱ्या उताराचा बर्फ खाली कोसळतो. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. रात्री आकाश निरभ्र असेल तर ओला बर्फ पुन्हा गोठून पहाटे टणक होतो. ढगाळ रात्री तो पुरता गोठत नाही. म्हणूनच जाणता गिर्यारोहक काळोखातच निघतो आणि ऊन चढण्यापूर्वी उतार मागे टाकतो. सकाळी ज्या वाटेने सुखरूप गेलो, तीच दुपारी प्राणघातक ठरू शकते. गाडल्या गेलेल्या माणसास पाव तासाच्या आत बाहेर काढले तर तो जगण्याची आशा मोठी असते; पुढे ती झपाट्याने मावळते. बाहेरची मदत इतक्या अवधीत क्वचितच पोचते. सोबत्यांपाशी संदेशक यंत्र, शोधकाठी आणि फावडे असेल, व ती वापरण्याचा सराव असेल, तरच उपाय.

हे ज्ञान आपल्या देशास नवे नाही. मनाली येथे १९६९ मध्ये हिम व हिमप्रपातांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्या चंदीगड येथील नव्या संशोधन संस्थेत विलीन झाली. तेथून धोक्याचे इशारे नियमाने प्रसृत होतात. २७ फेब्रुवारी २०२५ च्या सायंकाळी चमोलीसह उत्तराखंडातील उंच प्रदेशांसाठी असाच इशारा दिला गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे माणा येथील रस्तेबांधणीच्या छावणीवर हिमप्रपात कोसळला. ५४ मजूर गाडले गेले. जवानांच्या शर्थीने ४६ वाचले, ८ दगावले. त्यापूर्वी ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला मार्गावर भर दुपारी ७ प्रवासी प्राणास मुकले. प्रवाशांना तेराव्या मैलापर्यंतच जाण्याची मुभा होती. दुर्घटना पंधराव्या मैलापाशी झाली.

तेव्हा उणीव ज्ञानाची नसून, ते ज्ञान ज्याच्या हुकमाने अमलात यावे अशा अधिकाराची आहे. इशारा निघतो, परंतु तो निघाल्यावर छावणी रिकामी कोणी करावयाची, नाका कोणी बंद करावयाचा, आणि तसे न केल्यास जबाब कोणी द्यावयाचा, हे निश्चित नसेल तर तो इशारा कागदावरच राहतो.

पर्वतात जोखीम असावयाचीच, ज्यांना भय वाटते त्यांनी घरी बसावे, असे काही साहसप्रेमी म्हणतील. साहसाचे मोल आम्हीही जाणतो. परंतु जोखीम समजून उमजून पत्करणे वेगळे आणि नकळत जोखमीत लोटले जाणे वेगळे. पोटासाठी परमुलखातून आलेल्या मजुरास आपण ज्या उताराखाली निजतो आहोत त्याचा इतिहास ठाऊक नसतो. भाड्याच्या मोटारीतून बर्फ पाहावयास आलेल्या कुटुंबासही तो ठाऊक नसतो. त्यांच्या मृत्यूस साहस म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

म्हणून शासनाने तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात. हिमप्रपाताच्या ज्ञात मार्गात कामगारांची वसती उभारण्यास पूर्ण मनाई करावी. इशारा ठराविक पातळीवर गेला की रस्ता आपोआप बंद व्हावा. तो कोणाच्या मर्जीवर नसावा. आणि बर्फाळ वाटांवर मंडळी नेणाऱ्या संस्थांना प्रत्येकामागे शोधसाधने व जाणता वाटाड्या असल्याखेरीज परवाना देऊ नये.

राहता राहिले आपले कर्तव्य. वाटाड्या "आज नको" म्हणतो तेव्हा पैसे भरल्याची आणि परतीच्या तिकिटाची आठवण त्याला कोण करून देतो? बहुधा आपणच. त्या हट्टापुढे त्याने मान तुकवली की साऱ्या मंडळींचे प्राण टांगणीस लागतात. हाती आलेले शिखर सोडून मागे फिरण्यात कमीपणा नाही. शिखर पुढल्या वर्षीही तेथेच असते. यंदा हिमालयाकडे निघणाऱ्यांनी लोकरी कपड्यांबरोबर एवढा विवेक सोबत न्यावा, आणि शासनाने पुढल्या वसंतापूर्वी आपल्या इशाऱ्यास आज्ञेचे बळ द्यावे. दोहोंपैकी एकानेही दुसऱ्याची वाट पाहत बसू नये.