कंट्री म्युझिक फक्त गोऱ्यांचं, हे ठरवलं कुणी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला. हा पुरस्कार जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. गंमत म्हणजे काही महिन्यांपूर्वी कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांत याच अल्बमला एकही नामांकन नव्हतं. हिचा आणि कंट्रीचा संबंधच काय, असं विचारणारेही बरेच होते.

संबंध आहे, आणि तो बँजोपासून सुरू होतो. आज कंट्रीची ओळख असलेल्या या वाद्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत ते नव्याने घडवलं. आपल्या एकतारीसारखाच वाळका भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं आणि तारा. गोऱ्यांच्या हाती ते नंतर आलं.

मग हे संगीत 'गोऱ्यांचं' झालं कधी? १९२०च्या दशकात, रेकॉर्ड कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये. दक्षिणेकडच्या राज्यांत काळे आणि गोरे वादक एकमेकांच्या चाली सर्रास उचलत होते. कंपन्यांनी मात्र विक्रीच्या सोयीसाठी दोन कप्पे केले. काळ्यांचं ते 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांचं ते 'हिलबिली'. या हिलबिलीलाच पुढे कंट्री म्हणू लागले. म्हणजे गाणं कसं आहे यापेक्षा गाणारा कोण आहे, यावर कप्पा ठरायचा.

कप्प्यात न बसणाऱ्यांची नावंच गायब झाली. कंट्रीचं आद्य घराणं मानलं जाणारं कार्टर फॅमिली घ्या. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत गावोगाव फिरायचे, तेव्हा अनेकदा लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत असायचे. कार्टर शब्द उतरवून घ्यायचे, चाल रिडल डोक्यात साठवायचे. तबकडीवर नाव अर्थातच कार्टर फॅमिलीचं.

डीफोर्ड बेली यांचं नाव तर घरोघरी माहीत होतं. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर ते माउथ ऑर्गन वाजवायचे, आणि त्यातून धावत्या रेल्वेचा हुबेहूब आवाज काढायचे. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांच्या अशाच एका वादनानंतर निवेदक जॉर्ज हे यांनी कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव दिलं. त्याआधी त्याच रेडिओवर शास्त्रीय संगीत लागलं होतं, त्या 'ग्रँड ऑपेरा'ला मारलेली ही कोपरखळी. कंट्रीचा सर्वात मोठा मंच आजही याच नावाने ओळखला जातो.

बेली लोकप्रिय होते, गर्दी खेचायचे. पण दौऱ्यावर सहकलाकारांसोबत त्याच हॉटेलात राहायची किंवा जेवायची त्यांना सोय नव्हती. १९४१ मध्ये रॉयल्टीच्या वादातून रेडिओ केंद्रांनी असंख्य गाण्यांवर बंदी घातली. बेलींची गाजलेली गाणीही त्यात अडकली आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. हे यांनी नंतर पुस्तकात कारण काय दिलं? बेली आळशी होते, नवीन शिकत नव्हते.

पुढची अनेक वर्षं या 'आळशी' माणसाने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. १९८२ मध्ये ते गेले. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं २००५ मध्ये.