खुर्ची मिळाली, पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातला तरुण तापाने फणफणलेला माझ्याकडे आला. आला म्हणजे दोघा भावांनी जीपमधून उचलून आणला. चार वर्षांपूर्वी चिंचेच्या झाडावरून पडून त्याचा मणका मोडला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. थंडी वाजून ताप येतो म्हणून कोणीतरी मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या. मी त्याला कुशीवर वळवले तेव्हा ताप कुठून येतो ते दिसले. बैठकीच्या हाडावर चहाची बशी मावेल एवढी जखम होती आणि तिला वास सुटला होता. "अरे, दुखलं नाही का तुला?" असे मी विचारले आणि लगेच माझीच मला लाज वाटली. त्या भागाला संवेदनाच नाही, तर दुखणार काय?

वाचकांना वाटेल, अंथरुणाला खिळून राहिल्यामुळे असे झाले असेल. तसे नव्हते. दीड वर्षापूर्वी एका शिबिरात त्याला चाकाची खुर्ची मिळाली आणि तो घराबाहेर पडला. एसटीच्या थांब्याजवळ त्याने लहानसे दुकान टाकले. (तंबाखू ठेवू नकोस, असे मी सांगितले होते. ते त्याने ऐकले नाही. असो.) सकाळी सातला खुर्चीत बसला की रात्री आठलाच उतरायचा. खुर्चीची रेक्झिनची बैठक झोळीसारखी खाली लोंबली होती आणि तिच्यावर गादी नव्हती. तेरा तास सगळा भार त्या दोन हाडांवर! अंगाला संवेदना असलेला माणूस नकळत चुळबुळ करतो, जागा बदलतो. याला तसा इशाराच मिळत नव्हता आणि तो मिळणार नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

ती खुर्ची ज्या समारंभात वाटली, त्या व्यासपीठावर मीही होतो. हार घेतला, टाळ्या वाजवल्या, फोटोतही आलो. खुर्चीवर गादी कुठे आहे, हे मी त्या दिवशी विचारले नाही.

तेव्हापासून खुर्ची वापरणारा कोणी रुग्ण आला की मी नाडी पाहण्याआधी खुर्ची पाहतो आणि दोन प्रश्न विचारतो. बऱ्याच जणांच्या घरीही जाऊन आलो. पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या एका आजींना मिळालेली खुर्ची त्यांच्यासारख्या दोघी बसतील एवढी रुंद आहे. त्या डावीकडे कलंडतात, म्हणून बाजूला उशी खोचावी लागते. न्हाणीघराचे दार दोन फुटांचे आणि खुर्ची त्याहून रुंद, त्यामुळे तिथपर्यंत सुनेने उचलूनच न्यायचे. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, धुणं वाळत घालायला मात्र बरी पडते." आजीसुद्धा हसल्या. मला हसू आले नाही.

दुसऱ्या एका घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे. जन्मापासून मेंदूच्या विकारामुळे त्याला मान नीट सावरता येत नाही. त्याला मिळाली मोठ्या माणसाची खुर्ची. पाय अधांतरी लोंबतात, पाठीला आधार पोचत नाही, मान पुढे पडते. तशाच अवस्थेत आई त्याला भात भरवते, मग ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जातो. वर्षातून तीनदा त्याच्या छातीत कफ भरतो, त्याचे हे एक कारण आहे. "मोठा झाला की बरोबर होईल," असे त्या माऊलीला सांगण्यात आले होते. शाळेचा गणवेश आपण वाढत्या मापाचा घेतो, तसेच हे झाले!

तिसऱ्याच्या खुर्चीचे पुढचे छोटे चाक मोडले. तो कचेरीत गेला तेव्हा उत्तर मिळाले, "तीन वर्षं झाल्याशिवाय दुसरी मिळत नाही." नियम तसाच आहे, सांगणाऱ्याचे चुकले नाही. पण त्याने दुसरी खुर्ची मागितलीच नव्हती, फक्त चाक मागितले होते. ते कुठे मिळते हे त्या कचेरीत कोणालाच सांगता येईना. शेवटी गावातल्या सायकलवाल्याने लोखंडी पट्टी जोडून काम भागवले.

सगळीकडे असेच आहे, असे मात्र नाही. लहानपणी पोलिओ झालेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला अगदी वेगळी हकीकत सांगितली. त्यांना ज्या केंद्रातून खुर्ची मिळाली, तिथे आधी बसवून माप घेतले, पायटे वरखाली करून पाहिले, गादी दिली, पलंगावरून खुर्चीत कसे सरकायचे ते दोन दिवस शिकवले आणि महिन्याने परत बोलावले. आठ वर्षे झाली, त्यांची खुर्ची धड आहे आणि त्वचाही. शिबिरातल्या खुर्चीपेक्षा ही काही फार भारी नाही. फरक पडला तो त्या दोन दिवसांनी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली या विषयावर मार्गदर्शिका काढली. तिच्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. नोंदणी, तपासणी, खुर्ची ठरवणे, मागणी, तयारी, अंगाला बेतणे, शिकवणे आणि शेवटी दुरुस्ती व फेरतपासणी. आपल्याकडे चार पायऱ्या चढून मंडपात येतो आणि फोटो काढून परत फिरतो. हे काही परदेशी चोचले नाहीत. मोफत साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. साधन अंगाला बेतून देणे आणि दिल्यानंतर त्याची देखभाल करणे, ही वाटप करणाऱ्या संस्थेचीच जबाबदारी असल्याचे तिच्या नियमांत लिहिले आहे. म्हणजे आपण भीक मागत नाही, कागदावर आहे तेच मागतो आहोत.

माझे म्हणणे एवढेच, की ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरावीक दिवस खुर्च्यांसाठी ठेवावा. व्यायामोपचार तज्ज्ञाने माणूस पाहावा आणि शेजारी बसवलेल्या सायकल दुरुस्तीवाल्याने खुर्ची पाहावी. पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ट्यूब, बेअरिंग, गादी यांना लागते तरी किती? आणि संपादकांनाही एक विनंती आहे. वाटपाचा फोटो छापता तसा सहा महिन्यांनी त्याच खुर्च्यांचा फोटोही छापून पाहा.

तोवर घरच्यांनी काही गोष्टी कराव्यात. खुर्चीत बसल्यावर कंबर आणि बाजूची पट्टी यांमध्ये उभा तळहात जेमतेम सरकावा. गुडघ्यामागे दोन बोटांची जागा मोकळी हवी. मांड्या बैठकीवर सपाट टेकाव्यात. त्या वर उचलल्या जात असतील तर पायटे खाली घ्यावेत. गादी घट्ट फोमची घ्यावी, कापसाची उशी दबून दगड होते. औषधाच्या दुकानात मिळणारी हवेची गोल चकती मुळीच वापरू नये, तिच्या कडेमुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. दर वीस-तीस मिनिटांनी पुढे वाकून, छाती मांड्यांकडे नेऊन दोन मिनिटे थांबावे, तोल जाणाऱ्याला कोणीतरी धरावे. रोज रात्री बैठकीची जागा आरशात पाहावी किंवा दुसऱ्याला दाखवावी. लाल किंवा काळसर डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत त्यावर बसू नये आणि डॉक्टरला दाखवावे. हवेची चाके असतील तर हवा भरलेली ठेवावी. चाक मऊ पडले की ब्रेक लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. दारात उतरण करायची असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. तीन फुटांत केलेली उतरण म्हणजे घसरगुंडीच.

त्या तरुणाची जखम भरायला साडेचार महिने लागले. तेवढे दिवस तो पालथा पडून होता आणि दुकान बंद. आता त्याने दुकानात भिंतीवर घड्याळ लावले आहे. काटा सरकला की गल्ल्यावर वाकतो. गिऱ्हाइके विचारतात, पैसे मोजतोस की नमस्कार घालतोस? गादी त्याने स्वतःच्या पैशाने घेतली. त्या पैशासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज केला आहे, तो मीच लिहून दिला. दोन मासिक सभा झाल्या, अजून उत्तर नाही.