विश्लेषण : होमस्टेचा यजमान राहतो कुठे? कोकणातील घरगुती पाहुणचारापुढचा नेमका प्रश्न

जोडून सुट्ट्या आल्या की दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे ते तारकर्ली-देवबागपर्यंत घरगुती निवासाच्या पाट्यांखाली गाड्यांची रांग लागते. केंद्राने होमस्टेसाठी मुद्रा कर्ज जाहीर केले, खोल्यांवरील जीएसटी कमी झाला, राज्याने महिलांसाठी व्याज परतावा आणला. मात्र या सवलती ज्याच्यासाठी आहेत, तो घरात राहणारा यजमानच या व्यवसायातून बाजूला पडण्याची चिन्हे आहेत. असे का होत आहे, याचा आढावा…

होमस्टे, लॉज आणि रिसॉर्टमध्ये फरक काय?

पाटी कोणतीही लावता येते, पण सरकारी व्याख्या स्पष्ट आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी व होमस्टे योजनेत एका घरातील जास्तीत जास्त सहा खोल्या आणि १२ खाटा पर्यटकांना देता येतात. ‘सिल्व्हर’ आणि ‘गोल्ड’ अशा दोन श्रेणी आहेत. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे. म्हणजे खोल्यांची संख्या हा एक निकष झाला, पण होमस्टेला हॉटेलपासून वेगळे करते ते मालकाचे तिथे राहणे. महाराष्ट्रातही निवास-न्याहारी योजना अनेक वर्षांपासून आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावरच्या अनेक घरांनी मागची पडवी किंवा माडीवरच्या खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या.

यजमान इतका महत्त्वाचा का?

कारण या धंद्यात त्याच्या कामाचा पगार कुठेच लिहिला जात नाही. सकाळी घावणे-चटणी, दुपारी माशाचे ताट किंवा शाकाहारी जेवण, आदल्या दिवशी सांगितले तर उकडीचे मोदक. मधल्या वेळेत चादरी धुणे, पाण्याची टाकी भरणे, रात्री उशिरा येणाऱ्या गाडीसाठी जागे राहणे, कोणाला बरे वाटेनासे झाले तर डॉक्टरकडे नेणे. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरण्याची जबाबदारीही यजमानाचीच. यातले बहुतेक काम घरातल्या बायका करतात. हॉटेलात याच कामांसाठी आचारी, सफाई कामगार, स्वागतकक्षातील कर्मचारी आणि रात्रपाळीचा पहारेकरी ठेवावा लागतो. होमस्टेचा दर परवडतो तो या न लावलेल्या मजुरीमुळे.

दुसरे कारण स्थानिक अर्थव्यवस्थेचे. घरातच राहणारा यजमान मासे गावातल्या लिलावातून घेतो, कोकम-आगळ शेजारणीकडून आणतो, पर्यटकाला ओळखीच्या होडीवाल्याकडे पाठवतो. पाहुण्याच्या खर्चातला मोठा भाग गावातच फिरतो.

सरकार नेमके काय देते?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा केली. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’मध्ये पाच लाख, तर ‘तरुण’मध्ये दहा लाख रुपयांपर्यंत कर्ज तारणाविना मिळते. ‘तरुण’ गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २० लाख आहे. आदिवासी गावांमध्ये एक हजार होमस्टे उभारण्याची केंद्राची वेगळी योजना असून त्यात नव्या खोल्यांसाठी पाच लाख आणि जुन्या खोल्यांच्या नूतनीकरणासाठी तीन लाखांपर्यंत साह्य आहे.

राज्याच्या ‘आई’ या महिला केंद्रित पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा १२ टक्क्यांच्या मर्यादेत परतावा मिळतो. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची २०१९ ची अधिसूचनाही ग्रामीण किनाऱ्यावरील मच्छीमार व स्थानिकांना घरात होमस्टे चालवू देते. अट एवढीच, की घराचा जोता, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. या साऱ्या तरतुदींचा रोख एकच आहे. राहते घर, राहते कुटुंब आणि त्याला पूरक उत्पन्न.

मग हिशेब बसतो का?

एक उदाहरण मांडून पाहता येईल. आकडे नमुन्यादाखल आहेत, गावागावांत ते बदलतील. तीन खोल्या, दर दोन हजार रुपये. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना धरून प्रत्येक खोली वर्षात ९० रात्री भरली, तर एकूण २७० रात्रींचे ५ लाख ४० हजार रुपये होतात. सर्व बुकिंग संकेतस्थळांवरून आले आणि कमिशन २० टक्के धरले, तर १ लाख ८ हजार तिकडे गेले. वीज, धुलाई, साबण-टॉवेल, डागडुजी यासाठी रात्रीमागे ५०० रुपये धरले तर आणखी १ लाख ३५ हजार. उरले २ लाख ९७ हजार.

आता यात कर्ज मिळवू. दहा लाख रुपये, ११ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. मासिक हप्ता सुमारे २१,७४० रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास २ लाख ६१ हजार. हाती राहतात सुमारे ३६ हजार, महिन्याला तीन हजार. निम्मे पाहुणे थेट फोनवरून आले तर कमिशनचे ५४ हजार वाचतात आणि हीच रक्कम ९० हजारांवर जाते. जेवणाचे उत्पन्न वेगळे, आणि कित्येक घरांत खरा नफा ताटातच असतो. पण ते ताट रांधणाऱ्या हातांची मजुरी धरली तर तोही आकडा खाली येतो.

यावरून दोन गोष्टी दिसतात. मोठे कर्ज काढून खोल्या वाढवणे तीन-चार महिन्यांच्या हंगामावर जोखमीचे आहे. आणि नफा-तोट्याची सीमा ठरते ती पाहुणा कोणत्या मार्गाने आला यावर. पावसाळ्याचे महिने तसेही मंद असतात. जलक्रीडा बंद असतात, मासेमारीबंदीमुळे १ जून ते ३१ जुलै ताजी मासळीही कमी मिळते. हप्ता मात्र बाराही महिने असतो.

जीएसटीचा फायदा कोणाला?

७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून पाच टक्क्यांवर आला. मात्र हॉटेलाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा कमी आहे, अशा सेवा व्यावसायिकांना सर्वसाधारणपणे नोंदणीच करावी लागत नाही. वरच्या उदाहरणातले घर या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

इथे एक बारकावा आहे. नोंदणीची गरज नसलेल्या यजमानाची खोली संकेतस्थळावरून विकली गेली, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) नुसार कर भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर येते. म्हणजे दोन हजारांच्या खोलीसाठी पाहुणा तिथे १०० रुपये जास्त देतो. तोच पाहुणा थेट यजमानाला फोन करून आला तर हा कर लागत नाही. करदर कमी झाल्याने हा फरक २४० रुपयांवरून १०० रुपयांवर आला. हा दिलासा प्रामुख्याने पाहुण्याला आहे. यजमानाच्या हातात पडणारी रक्कम त्यामुळे थेट वाढत नाही. त्याच्यासाठी कमिशनचा प्रश्न करापेक्षा मोठा आहे.

बाहेरून आलेल्या गुंतवणुकीने काय बदलते?

मुंबई-पुण्यात राहणारे मालक कोकणात बंगले बांधतात, देखभालीला एक माणूस ठेवतात आणि तीच मालमत्ता संकेतस्थळांवर ‘होमस्टे’ म्हणून दाखवतात. काही ठिकाणी स्थानिक कुटुंबेच घर वर्षाच्या कराराने चालवायला देतात. यात बेकायदा असेलच असे नाही. पण ही स्पर्धा समान पातळीवरची नाही.

वरच्याच उदाहरणात देखभाल करणाऱ्याला महिन्याला १२ हजार रुपये दिले, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार जातात आणि हप्त्यानंतरचा हिशेब तोट्यात जातो. तरीही असे बंगले उभे राहतात, कारण त्या मालकाचा हिशेब खोलीच्या भाड्याचा नसून जमिनीच्या वाढत्या भावाचा असू शकतो. भाडे हा त्याच्यासाठी वरखर्च असतो. तो आठवड्याच्या मधल्या दिवशी दर पाडू शकतो. शेजारच्या घरातल्या कुटुंबाला तसे करणे परवडत नाही, कारण त्यांच्यासाठी भाडे हेच उत्पन्न आहे.

या उत्पन्नाचे मोल किती, हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दाखवून दिले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नारळ-सुपारीच्या बागा तेव्हा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्गालाही फटका दिला. नवी बाग उत्पन्न द्यायला अनेक वर्षे लागतात. तोवर घर चालवायला रोख पैसा देणारा मार्ग किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांसाठी पाहुण्यांच्या खोल्यांचाच असतो.

स्थानिक कुटुंबे नोंदणी का करत नाहीत?

कोकणातली मोठी अडचण कागदपत्रांची आहे. सातबारावर किंवा घराच्या उताऱ्यावर काका, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी अनेक नावे असतात. घर सांभाळणारे कुटुंब गावात, बाकीचे हिस्सेदार मुंबईत किंवा परदेशात. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, पण व्यवसायाची जागा आपली आहे किंवा ती वापरण्याची संमती आहे, हे दाखवावे लागते. एका हिस्सेदाराने सही नाकारली की अर्ज अडकतो.

महिलांसाठीच्या धोरणातही हाच अडथळा येतो. पाहुण्यांचे सारे काम सून करते, घर मात्र सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावावर असते. व्यवसाय तिच्या नावावर दाखवायचा तर आधी घरातच संमती मिळवावी लागते. याउलट नवा भूखंड घेऊन बांधलेल्या बंगल्याचे कागद एका नावावर आणि स्वच्छ असतात. परिणामी ज्याच्याकडे राहते घर आहे त्याच्याकडे कागद नाहीत, आणि ज्याच्याकडे कागद आहेत तो तिथे राहत नाही.

इतर देशांनी हा फरक कसा केला?

फ्रान्समध्ये खेड्यातल्या घरी पाहुणे ठेवण्याच्या पद्धतीला ‘शांब्र दोत’ म्हणतात. तिथल्या कायद्यानुसार अशा घरात जास्तीत जास्त पाच खोल्या आणि एका वेळी १५ पाहुणे ठेवता येतात. न्याहारी देणे बंधनकारक आहे आणि पाहुण्यांचे स्वागत त्या घरात राहणाऱ्यानेच करायचे असते. घरमालकाने गावाच्या महापौरांकडे तशी माहिती देणे आवश्यक असते.

जपानने १५ जून २०१८ पासून राहत्या घरात पर्यटक ठेवण्यासाठी स्वतंत्र कायदा लागू केला. वर्षात १८० दिवसांची मर्यादा घातली आणि मालक घरात असताना व नसताना असे दोन प्रकार केले. मालक तिथे राहत नसेल तर नोंदणीकृत व्यवस्थापन कंपनीकडे काम सोपवणे बंधनकारक आहे. म्हणजे जपानने दुसऱ्या प्रकारावर बंदी घातली नाही, पण दोघांना एका पाटीखालीही बसू दिले नाही.

पुढे काय करता येईल?

मालक कुटुंबासह राहतो आणि मालक राहत नाही, अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या तर पहिला उपाय विनाखर्च होतो. व्याज परतावा, घरगुती दराने वीज-पाणी अशा सवलती पहिल्या गटालाच मिळाव्यात. हिमाचल प्रदेशाने २००८ च्या होमस्टे योजनेत वीज आणि पाण्यासाठी घरगुती दर दिला होता. संकेतस्थळांवरही हा फरक पर्यटकाला दिसला पाहिजे.

दुसरा उपाय सामायिक मालकीच्या घरांसाठी. प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाला, मालकी हक्काला धक्का न लावता, ठरावीक मुदतीसाठी व्यवसाय करू देणारे साधे संमतीपत्र पुरेसे मानले तर अनेक अर्ज मार्गी लागतील. तिसरा उपाय गावपातळीवरचा. गावातल्या घरांची एकत्रित बुकिंग व्यवस्था आणि एकच फोन क्रमांक असेल, तर कमिशनची रक्कम गावात राहू शकते. वरच्या हिशेबात हीच रक्कम वर्षाच्या बचतीपेक्षा तिप्पट आहे.

तोवर पडताळणीचा प्रश्न उरतोच. तपासणीला येणारा अधिकारी खोल्या मोजतो, स्वच्छतागृहे पाहतो, अग्निशामक साधने आहेत का विचारतो. त्या घरात रोजची चूल कोणाची पेटते, हा रकानाही त्याच्या अर्जात तितक्याच गांभीर्याने तपासला गेला, तर सवलतीचा पैसा कुठे जातो हे आपोआप कळेल.