फोर-स्ट्रोक घेताय? आधी मैल मोजा

नवी फोर-स्ट्रोक स्नोमोबिल घेताय? ॲव्हरेज चांगलं, पेट्रोलबरोबर तेल जाळत नाही, आवाजही कमी, हे सगळं मान्य. पण ती चालवणार किती? इथे मिनेसोटात २०२३-२४ च्या हिवाळ्यात धड बर्फच पडला नाही! चार वीकेंडांत वाचणाऱ्या पेट्रोलसाठी पंधरा हजार डॉलरच्या घरात पैसे घालायचे, याला काटकसर कसली म्हणता? हौस म्हणा, मग माझं काही म्हणणं नाही. शिवाय धूड जड. भुसभुशीत बर्फात रुतलं की ओढून बघा. फोर-स्ट्रोकचा मोठा कैवारी यामाहासुद्धा २०२५ च्या मॉडेलनंतर या धंद्यातून बाहेर पडला. हिवाळाभर ट्रेलवरच असाल तर खुशाल घ्या. नाहीतर भाड्याने चालवा; १९७६ नंतरचा जन्म असेल तर सेफ्टी सर्टिफिकेट तेवढं आधी काढा.