अवयव मिळाला, सोबतीचे काय?

अवयव प्रत्यारोपणाच्या बातमीत ग्रीन कॉरिडॉर असतो, धावणारी रुग्णवाहिका असते आणि शेवटी हात जोडून घरी निघालेला रुग्ण असतो. बातमी तिथे संपते. रुग्णाची खरी परीक्षा मात्र घराचे दार उघडल्यावर सुरू होते. हे घर बहुधा सीवूड्ससारख्या वस्तीत असते. नोकरीसाठी गावाहून आलेले कुटुंब, मुले शिकायला किंवा परदेशात, भाऊबंद साताऱ्याला नाहीतर रत्नागिरीला. उंच इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहते हे दारावरच्या पाटीवरूनच कळते.

अशा घरात प्रत्यारोपणानंतर दोन-तीन वर्षांनी जोडीदार गेला, तर काय होते? गोळ्यांची वेळ सांभाळणारे, ओपीडीची फाइल जपणारे, ताप आला की फोन फिरवणारे माणूसच नाहीसे होते. कधी तर किडनी देणाराही तोच जोडीदार असतो. नीट तपासण्या करून किडनी दिलेली व्यक्ती एका किडनीवर सर्वसाधारण आयुष्य जगू शकते. पण अपघात, कर्करोग, हृदयविकार कोणालाही गाठू शकतात. मग पत्नीने दिलेली किडनी पतीच्या शरीरात काम करत राहते आणि पत्नी मात्र नसते. हे दुःख साध्या सांत्वनाने हलके होणारे नाही.

या दुःखाला वैद्यकीय बाजूही आहे. दुसऱ्याचा अवयव शरीर कायमचा आपला मानत नाही. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. टॅक्रोलिमससारखे औषध बहुतेकांना दर बारा तासांनी घ्यावे लागते आणि त्याची रक्तातील पातळी अधूनमधून तपासावी लागते. शोकात बुडालेल्या माणसाची झोप जाते, भूक मरते, कशासाठी जगायचे असे वाटू लागते. एखादी गोळी राहते, मग दोन राहतात, तपासणीची तारीख पुढे ढकलली जाते. अवयव नाकारला जाण्याची प्रक्रिया अनेकदा गाजावाजा न करता सुरू होते. दुखत नाही, खुपत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर किडनीचे नुकसान होऊन गेलेले असू शकते. म्हणजे नैराश्य हा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘मनाचा प्रश्न’ एवढाच राहत नाही; त्यात अवयवही गमावला जाऊ शकतो.

मुंबईचाच इतिहास पाहावा. १९६८ च्या फेब्रुवारीत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. शस्त्रक्रियेचे कौशल्य होते, पण रुग्ण काही तासच जगला. मुंबईत हृदय प्रत्यारोपण यशस्वी व्हायला त्यानंतर तब्बल ४७ वर्षे जावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका मेंदूमृत महिलेचे हृदय मुंबईत आणून एका तरुणाला बसवण्यात आले. मधल्या काळात सायक्लोस्पोरिन आणि नंतरची औषधे आली, १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला, मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया, औषधे आणि कायदा या तिन्ही आघाड्यांवर आपण पुढे आलो. रुग्णालयाबाहेरच्या आयुष्याची आघाडी मात्र अजून कुटुंबावरच सोडून दिलेली आहे.

मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळालेल्या रुग्णाच्या मनात आणखी एक गाठ असते. ‘आपण जगावे म्हणून कोणीतरी गेले’ ही ती बोचणी. ती खरी नाही. दात्याचा मृत्यू रुग्णामुळे झालेला नसतो. तो होणारच होता आणि त्यातून काही वाचवायचे कुटुंबाने ठरवले. १९९४ मध्ये इटलीत फिरायला गेलेल्या निकोलस ग्रीन या सात वर्षांच्या अमेरिकन मुलाचा लुटारूंच्या गोळीने मृत्यू झाला. आई-वडिलांनी त्याचे अवयव व नेत्रपटल दान केले आणि सात जणांना त्याचा लाभ झाला. पुढच्या दशकात इटलीत अवयवदानाचे प्रमाण काही पटींनी वाढले. ते आई-वडील पुढे अवयव मिळालेल्या रुग्णांना भेटलेही. मूल परत आले नाही, पण त्याच्या जाण्याला काही अर्थ उरला. आपल्याकडे दाता आणि रुग्ण यांची ओळख गुप्त ठेवण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. तरीही नाव न लिहिता चार ओळींचे आभाराचे पत्र समन्वयकामार्फत पोहोचवता येईल. लिहिणाऱ्याची बोचणी त्याने कमी होईल आणि वाचणाऱ्याचा एकटेपणाही.

आशा परत येते ती बहुधा समदुःखी माणसांकडून. क्रिएटिनिन १.४ चे १.६ झाले की रात्रभर डोळा का लागत नाही, हे दुसऱ्या प्रत्यारोपण झालेल्या माणसाला सांगावे लागत नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे जागतिक प्रत्यारोपण क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, त्या याच जाणिवेतून. अशा मेळाव्यांचे मोल पदकांत नसते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी अवयव मिळालेला माणूस समोर पळताना दिसतो, यात असते. मात्र अशा गटांनाही मर्यादा हवी. दुसऱ्याचा डोस पाहून आपला बदलू नये, कोणाच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, गटातल्या सल्ल्याने काढे सुरू करू नयेत. ताप आला तर आधी आपल्या प्रत्यारोपण केंद्राला कळवावे.

सीवूड्ससारख्या वस्तीत यासाठी वेगळी इमारत लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सोसायट्या आहेत, सकाळी उद्यानात भेटणारे गट आहेत. त्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. शीव किंवा परळच्या रुग्णालयात जायचे तर हार्बरने कुर्ल्याला उतरून गाडी बदलावी लागते. त्या दिवशी कोणीतरी सोबत जावे. मास्क लावून आलेल्या माणसाकडे रोखून पाहू नये. उघड्यावरचे खाणे किंवा प्रसाद त्याने नाकारला तर आग्रह धरू नये. आणि घरात मृत्यू झाला असेल, तर दिवसकार्याच्या धावपळीत त्याच्या गोळ्यांची वेळ एका माणसाने आपल्या अंगावर घ्यावी. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांची गर्दी, जागरण, उपवास हे सगळे एकदम येते. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटीऐवजी फोन करावा.

रुग्णालयांची जबाबदारी याहून मोठी. प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात समन्वयक असणे कायद्याने आवश्यक आहे. त्याचे काम डिस्चार्जच्या कागदावर संपू नये. शस्त्रक्रियेआधीच काळजी घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावे नोंदवावीत. एक नसली तर दुसरी असेल. प्रत्येक ओपीडीत क्रिएटिनिनसोबत ‘घरी कोण असते?’ हेही विचारावे. जोडीदार गेल्याचे कळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला बोलवावे, औषधाची पातळी तपासावी आणि मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी. शस्त्रक्रियेला सरकारी योजनेचा आधार मिळतो. तसाच तो आयुष्यभराच्या औषधांनाही मिळायला हवा.

देशात मेंदूमृत अवयवदात्यांची वार्षिक संख्या २०२३ मध्ये पहिल्यांदा एक हजाराच्या वर गेली. दर दहा लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. इतक्या दुर्मिळपणे मिळालेली किडनी निकामी झाली, तर तो रुग्ण पुन्हा डायलिसिसवर आणि प्रतीक्षायादीत जातो. यादीतल्या इतरांची वाट तेवढी लांबते. रुग्णाच्या एकटेपणाकडे खासगी बाब म्हणून पाहणे म्हणूनच आपल्याला परवडणारे नाही. अवयव देणाऱ्या कुटुंबाने आपले काम केले आहे. तो टिकवण्याच्या कामात आता शेजाऱ्यांचाही वाटा आहे.