मदरबोर्डाचे दप्तर कोणी सांभाळावे?

संगणकाच्या व्यापाराने ज्या यंत्रांची नावे आपल्या खतावणीतून कधीच कमी करून टाकली आहेत, ती यंत्रे जळगाव-धुळ्याकडच्या बाजारपेठांत मात्र रोज सकाळी वेळेवर कामावर रुजू होतात. अडतीच्या पेढीवर कार्बनप्रतीसह पावती छापणारा डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर ज्या पॅरलल पोर्टाला जोडलेला असतो तो पोर्ट, आणि भुईकाट्यावरील ट्रकभर केळीचे वा कापसाचे वजन ज्या सिरियल पोर्टातून संगणकात उतरते तो पोर्ट, हे दोन्ही नव्या यंत्रांतून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवणाऱ्या डीटीपीच्या दुकानातील मराठी टंकांचे जुने सॉफ्टवेअरही कित्येकदा अशाच एखाद्या पोर्टात खोचलेल्या हार्डवेअर-लॉकवर विसंबून असते. सबब तेथे पंधरा वर्षांपूर्वीचा जी-४१ किंवा एच-६१ जातीचा मदरबोर्ड टिकून आहे तो केवळ मालकाच्या चिक्कूपणामुळे नव्हे, तर कामाच्या गरजेमुळे.

या यंत्रांना निवृत्तीची नोटीस मिळाली ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला आणि घरगुती ग्राहकांपैकी जे नोंदणी करतील त्यांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी एका वर्षाची वाढीव मुदत देऊ केली. विंडोज ११ चे दार उघडायचे तर टीपीएम २.० हवे, सिक्युअर बूट करू शकणारे यूईएफआय हवे आणि, काही थोडे अपवाद सोडले तर, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ पासूनचा हवा. २०११ सालच्या एच-६१ चे ग्राहक आडवाटेने आत शिरत राहिले. परंतु २४-एच-२ या आवृत्तीने प्रोसेसरकडे ज्या आज्ञा मागितल्या त्या जी-४१ वरील कोअर-टू जातीच्या प्रोसेसरांना येतच नसल्यामुळे, त्या पिढीला आता आडवाटही उरलेली नाही. यंत्र बिघडलेले नाही, काम अडलेले नाही, आणि तरीही यंत्र निकालात निघाले, अशा या चमत्कारिक अवस्थेत मालकाने काय करावे, याचे उत्तर कंपनीच्या दृष्टीने सोपे आहे: नवे घ्यावे. आमच्या मते ते उत्तर पुष्कळ ठिकाणी चुकीचे आहे, आणि ज्या ठिकाणी ते चुकीचे आहे तेथेही ते नाकारण्याचे साधन ग्राहकाच्या हाती राहू नये अशी व्यवस्था हळूहळू होत आली आहे, हे त्याहून वाईट आहे.

जुन्या बोर्डात बळ आणण्याचा पहिला, स्वस्त आणि बहुतांशी निर्धोक उपाय रॅमचा. २०११ च्या सुमारास जो संगणक दोन जीबी रॅमसह विकला गेला, तो आज हळू चालतो याचा दोष प्रोसेसरापेक्षा त्या दोन जीबींकडे अधिक जातो. कारण स्मृती अपुरी पडली की यंत्र आपला पसारा हार्डडिस्कवर हलवू लागते, आणि हार्डडिस्क रॅमच्या तुलनेत अतिशय मंद असते. एच-६१ बोर्डाला रॅमच्या दोनच खाचा असल्या तरी त्यांत आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे एकंदर सोळा जीबी, सामावतात. दोन सारख्या पट्ट्या लावल्या असता चौसष्ट बिटांचा मार्ग एकशे अठ्ठावीस बिटांचा होतो, म्हणून आठ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन घ्याव्यात, हे खाचा दोनच असल्या तरी विसरू नये. मात्र ३२ बिटांची जुनी विंडोज तशीच ठेवली, तर कितीही रॅम भरली तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच हाती लागते, आणि ग्राहकाला आपण फसवले गेलो असे वाटते. तेथे दोष रॅमचाही नसतो आणि दुकानदाराचाही नसतो.

जी-४१ चे प्रकरण अधिक नाजूक आहे. कागदोपत्री तो आठ जीबी रॅम स्वीकारतो. परंतु चार जीबीची आजची पट्टी बहुधा आठ चिपांची, म्हणजे प्रत्येकी चार गिगाबिट घनतेच्या चिपांची असते, आणि तेवढ्या घनतेची चिप त्या बोर्डाच्या कंट्रोलरला वाचताच येत नाही. त्याला दोन्ही अंगांना मिळून सोळा चिपा असलेली जुन्या बांधणीची पट्टी लागते. आता ही गोष्ट खोक्यावर छापलेली नसते. डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर-३ ला १.५ आणि त्याच्याच काटकसरी भावंडाला १.३५ व्होल्ट लागतात. पैकी डीडीआर-२ ची पट्टी डीडीआर-३ च्या खाचेत बसू नये म्हणून तिची चीर मुद्दाम निराळ्या जागी ठेवलेली असते. परंतु चिपांच्या घनतेसाठी अशी कोणतीही चीर नाही. ते ज्ञान केवळ हाताळणाऱ्याच्या अनुभवात असते, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटासारख्या ठिकाणी दुरुस्तीचे टेबल मांडून बसलेला कारागीर पट्टी उलटसुलट करून तिच्यावरील चिपा मोजतो तेव्हा तो हेच ज्ञान वापरीत असतो. ‘नो डिस्प्ले’ म्हणून आलेला संगणक त्याने आधी रॅमचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसून आणि बोर्डावरचा तीन व्होल्टांचा सेल बदलून पाहिला, तर शहाण्यांनी हसू नये. अशा तक्रारींपैकी बऱ्याच तेवढ्यानेच मिटतात. जुनी पट्टी विकत घेणाऱ्याने मात्र एवढे करावे, की मेमटेस्ट८६+ ही फुकट मिळणारी चाचणी रात्रभर चालवावी आणि सकाळी एकही लाल ओळ दिसली तरी पट्टी परत करावी; कारण सदोष रॅम संगणक बंद पाडते त्यापेक्षा अधिक वेळा हिशेबाच्या फायली गुपचूप बिघडवते, आणि ते केव्हा घडले याचा दाखला मागाहून मिळत नाही.

या जुन्या पट्ट्यांचे मोल अलीकडे वाढले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनी स्मृतिचिपांचे उत्पादन आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर कडाडले, आणि मायक्रॉन या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच आवरता घेण्याचे जाहीर केले. नवा संगणक घ्या असा सल्ला देणाऱ्यांनी ही बातमीही सल्ल्यासोबत वाचून दाखवावी.

खानदेशच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द सांगणे येथे क्रमप्राप्त आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि बोर्डावरील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे सुमारे निम्म्याने घटते असा स्थूल नियम आहे. त्यात जिनिंगचा कापूस पंख्यात जाऊन बसला की उरलेले आयुष्य आणखी आखडते. फुगलेले कॅपॅसिटर काढून १०५ अंशांच्या प्रतीचे नवे लावणे हे तासाभराचे काम आहे, आणि ते येथील कारागिरांना उत्तम येते.

खरी अडचण सुरू होते ती फर्मवेअरपाशी. मदरबोर्डावर आठ पायांची एक लहानशी चिप असते, तिच्यात एच-६१ च्या बाबतीत बहुधा चार मेगाबाइटांचा मजकूर, म्हणजे बायोस, असतो, आणि वीज येताच प्रोसेसर पहिली आज्ञा वाचतो ती याच मजकुरातील. रॅमची पट्टी कोणत्या वेगाची, किती अवकाशाने तिला हाक मारावी, हे त्या पट्टीवरच्या इवल्या नोंदीतून वाचून ठरवणाराही तोच. त्यामुळे बोर्ड न ओळखत असलेली रॅम बायोस बदलताच ओळखू लागतो, असा अनुभव कित्येकदा येतो. २०११ च्या एच-६१ बोर्डांवर २०१२ साली निघालेले तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर चालावेत म्हणून नवे बायोस निघाले. ज्यांनी ते भरून घेतले त्यांना त्याच बोर्डावर एक पिढी पुढचा प्रोसेसर मिळाला, आणि ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्याकडे तोच प्रोसेसर बसवूनही पडदा काळाच राहिला. मात्र काही बोर्डांवर हा बदल एकदिशा आहे. त्यासोबत इंटेलचे व्यवस्थापन-फर्मवेअर सातव्या आवृत्तीवरून आठव्यावर जाते आणि मागे येत नाही. बायोस लिहिला जात असतानाच वीज गेली तर बोर्ड मृतवत होतो, म्हणून ज्याच्याकडे चांगल्या बॅटरीचा यूपीएस नाही त्याने हा उद्योग आपल्या हाताने करूच नये. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने देशोदेशीच्या संगणकांतील बायोस पुसून काढले होते, आणि कित्येकांना आपल्या यंत्रात अशी काही चिप आहे हे त्याच दिवशी प्रथम कळले.

असा मृतवत बोर्ड जिवंत करता येतो. चिपला चिमटा लावून, अगर ती उपटून, काही शे रुपयांना मिळणाऱ्या सीएच-३४१-ए प्रोग्रामरवर तिच्यात मजकूर पुन्हा लिहिला की बोर्ड उठतो. प्रश्न एवढाच राहतो, की मजकूर आणावा कोठून? तो त्याच मॉडेलचा, त्याच रिव्हिजनचा असावा लागतो. जवळपासचा चालत नाही. इंटेलने जानेवारी २०१३ मध्ये डेस्कटॉप मदरबोर्डांच्या धंद्यातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, आणि पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये जुन्या बोर्डांच्या बायोस-फायली व ड्रायव्हर आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकण्यास आरंभ केला. डीजी३१पीआर, डीजी४१आरक्यू, डीएच६१डब्ल्यूडब्ल्यू ही नावे आपल्याकडील दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ आहेत, इतका त्या बोर्डांचा येथे प्रसार झाला होता. ज्या फायली कंपनीने स्वतः लिहिल्या, ज्यांची किंमत ग्राहकाने बोर्डासोबत एकदा चुकती केली, आणि ज्या साठवण्यास आजच्या मानाने अक्षरशः नगण्य जागा लागते, त्या ठेवण्याची तसदी एवढ्या मोठ्या कंपनीने घेतली नाही. त्यांचे जतन झाले असेल तर ते हौशी संग्राहकांच्या डिस्कांवर आणि कुठल्यातरी कारागिराच्या पेनड्राइव्हवर. अशा फाईलमध्ये मधल्या हातांनी काही कालवलेले नाही याची हमी कोण देणार?

धुळ्यात बसून या प्रश्नाचा विचार करणाऱ्याला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आठवल्यावाचून राहणार नाहीत. वाड्यांच्या माळ्यांवर आणि तळघरांत वाळवीच्या तोंडी पडलेली दप्तरे त्यांनी गावोगाव हिंडून मिळवली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध केले आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या संग्रहासाठी १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आजही त्या शहरात उभे आहे. दप्तराच्या मालकाला ज्या कागदाचा उपयोग संपला असे वाटते, त्याच कागदाचा उपयोग दुसऱ्या कोणाला तरी सुरू व्हायचा असतो, हे त्यांच्या खटाटोपाने दाखवून दिले. पुस्तकांच्या बाबतीत तर आपल्या राज्यकर्त्यांनी हे तत्त्व कायद्यात उतरवले आहे: १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य नेमलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यावी लागते, मग ते पुस्तक खपो वा न खपो. आमची सूचना एवढीच, की भारतात मदरबोर्ड विकणाऱ्या कंपनीनेही त्याच्या बायोसची प्रत्येक आवृत्ती, तिची बेरीज-खूण (चेकसम) आणि चाचणीत उतरलेल्या रॅमची यादी यांसह, एखाद्या सरकारी संग्रहात जमा करावी, आणि कंपनीने आधार संपल्याचे जाहीर करताच तो संग्रह सर्वांस खुला व्हावा. स्वामित्वहक्क कंपनीकडेच राहू द्यावा. नकल मात्र अबाधित असावी.

यावर घेतला जाणारा सुरक्षेचा आक्षेप खोटा नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरातील दोष उघड झाले, आणि त्याच वर्षी एप्रिलात इंटेलने कोअर-टू घराण्यातील पेनरिन, वुल्फडेल, यॉर्कफील्ड या पिढ्यांसाठी दुरुस्ती देणार नाही असे कळवले. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. त्यास इंटरनेटपासून तोडून भुईकाट्यावर बसवावे, किंवा त्यावर सी-डॅकच्या बॉससारखी, अथवा मिंटसारखी, लिनक्स प्रणाली घालावी. विजेचा आक्षेपही तपासून पाहू. जुने यंत्र नव्यापेक्षा चाळीस वॅट अधिक खाते, रोज दहा तास, वर्षाकाठी तीनशे दिवस चालते, असे धरले तर १२० युनिटांचा फरक पडतो. दुसऱ्या पारड्यात संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ मधील अभ्यासाचे आकडे टाकावेत: एक डेस्कटॉप आणि त्याचा काचेच्या नळीचा मॉनिटर घडवण्यास सुमारे २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागत होते. तो मॉनिटर आज नाही, तेव्हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. परंतु जे यंत्र दिवसातून तीन तास चालते ते केवळ विजेसाठी मोडीत काढण्याचा हिशेब सहसा जुळत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे ठरवली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही उघडले. पुढे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा जो आराखडा आला त्याचा आरंभही स्मार्टफोन आणि टॅबलेट यांपासूनच. डेस्कटॉप या पंगतीत उपेक्षित राहिला, कारण तो मुळातच दुरुस्त करण्याजोगा आहे असे सर्वांनी गृहीत धरले. स्क्रूड्रायव्हरपुरते ते खरे आहे. परंतु २०१३ पासूनच्या इंटेल प्रोसेसरांत बूट-गार्डची जी सोय आली, ती निर्मात्याने चालू केली असेल तर त्याच्या सहीवाचूनचा बायोस प्रोसेसर चालवीतच नाही. म्हणजे जी-४१ च्या एखाद्या गिगाबाइट बोर्डावर कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर घालून हौशी लोकांनी जी वाट काढली, ती वाट आज विकत घेतलेल्या बोर्डाला पंधरा वर्षांनंतर बंद असेल. तेव्हा फाईलच्या जोडीला किल्लीचाही विचार करावा लागेल, आणि तो खरेदीच्या दिवशीच करावा लागेल. जिल्हा परिषदांच्या शाळा, तहसील कचेऱ्या आणि विद्यापीठे आपले संगणक पुष्कळ अंशी जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरील निविदांतून घेतात. आधार संपताच बायोसच्या सर्व आवृत्त्या खरेदीदाराच्या स्वाधीन करीन आणि सहीची अट उठवण्याची सोय देईन, असे कलम त्या निविदेत घालण्यास कोणत्याही अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. धुळे आणि जळगाव येथील खरेदी समित्यांनी ते येत्या खरेदीतच घालून पाहावे.