आधी ग्राहकाची प्रकृती पाहावी

छत्रपती संभाजीनगर शाखेच्या सभांत अलीकडे एक प्रश्न हटकून निघतो. वैद्य व औषधविक्रेते यांच्याकडून मागणी नोंदवून घेण्यासाठी स्वतःचे मोबाइल अ‍ॅप करावे काय, आणि करावयाचे तर अँड्रॉइडसाठी की आयफोनसाठी? ज्या सभासदांच्या परवानाधारक रसशाळा आहेत त्यांना हा प्रश्न खर्चाचा वाटतो. आमच्या मते तो प्रथम ग्राहकपरीक्षणाचा आहे.

आमचाच अनुभव सांगतो. आम्ही तिघे सहाध्यायी मिळून चालवीत असलेल्या छोट्या रसशाळेसाठी २०१९ साली अँड्रॉइडचे अ‍ॅप करवून घेतले. पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड येथील चाळीसएक वैद्य व दुकानदार हे आमचे ग्राहक. करून देणाऱ्याने काम वाईट केले असे म्हणता येणार नाही. चूर्णे, वटी, आसवारिष्टे, सिद्ध तेले यांची सचित्र सूची होती, बिलही निघे. परंतु सहा महिन्यांनंतर त्यावरून मागणी नोंदविणारे ग्राहक होते अवघे सात. उरलेले पूर्वीप्रमाणेच रात्री दवाखाना बंद करताना फोन करीत, अथवा कागदावरील यादीचा फोटो वॉट्सअ‍ॅपवर पाठवीत. कन्नडच्या एका ज्येष्ठ वैद्यांना आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "अहो, तुमचे अ‍ॅप वेगळे, दुसऱ्या कंपनीचे वेगळे, तिसरीचे आणखी वेगळे. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या मालासाठी किती ठेवू? आणि पासवर्ड तर कंपाउंडरलाच ठाऊक!" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शिवाय अ‍ॅप म्हणजे एकदा भरून ठेवलेली बरणी नव्हे. गूगलकडे नोंदणीशुल्क एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. पण खरा खर्च देखभालीचा. फार जुन्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी लिहिलेली अ‍ॅप पुढे नवे फोन घेणाऱ्या नव्या ग्राहकांना गूगलच्या दुकानात दिसेनाशी होऊ लागली. त्यात आमचेही गेले. भारतात शंभरातील नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे असल्याने तो निर्णय सोपा वाटतो. तथापि, एके काळी व्यावसायिकांचा फोन म्हणून मिरविलेल्या ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली, हेही ध्यानी असावे.

मग सात्म्य काय? जे ग्राहकाच्या हाती आधीच आहे ते. वॉट्सअ‍ॅप बिझनेस जानेवारी २०१८ मध्ये आले. छोट्या व्यावसायिकास ते विनामूल्य आहे. मात्र त्याच्या व्यापारनियमांत औषधविक्रीवर निर्बंध आहेत आणि नियमभंगाने खाते बंद होऊ शकते. म्हणून आम्ही तेथे केवळ संवाद ठेवतो. दरपत्रक कोणत्याही फोनवर उघडेल अशा स्वतःच्या साध्या वेबपानावर असते व ग्राहकांची यादी आमच्या वहीत. काही वैद्य रुग्णाच्या नावासह चिठ्ठीचाच फोटो पाठवितात. ते आम्ही थांबविले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नसता तरी थांबवावयास हवे होते.

वाळूज वा शेंद्रा येथील कारखान्यांत आरोग्यतपासणी करणाऱ्या सभासदांचे गणित निराळे. तेथे बोलणी बहुधा मनुष्यबळ अधिकाऱ्याशी, ई-मेलवर होतात.

एक गोष्ट मात्र तरुण वैद्यांनी गांभीर्याने घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३३-ईईसी मधील सवलत वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधापुरती आहे. तेच औषध अ‍ॅपवरील सूचीत घालून इतर वैद्यांना व दुकानांना विकू लागलात की ती सवलत उरत नाही, उत्पादन-परवाना लागतो. अ‍ॅप करून देणारा हे सांगणार नाही. त्याचे ते कामही नव्हे.

आठवड्याला शेकडो मागण्या येत असतील, तर अँड्रॉइडचे अ‍ॅप अवश्य करावे. तूर्त, पुढील सभेस येताना सभासदांनी आपले किती ग्राहक कोणत्या मार्गाने मागणी देतात याची महिनाभराची नोंद सोबत आणावी, अशी आमची विनंती आहे.